सहादेवच्या नावाचं झाड

त्या झाडावर फळ एकच होतं, आणि तेही वाकडं. एक बाजू मुठीसारखी भरलेली, दुसरी गाल बसल्यासारखी आत गेलेली. भरल्या बाजूला सीताफळासारखे डोळे उठले होते, बसल्या बाजूला साल रामफळासारखी सपाट होती. बाबाजान तांबोळी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्याच्यासमोर उभे राहायचे, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं बघायचे आणि मान हलवत परत यायचे.

त्यांची बायको बानू ओट्यावरून विचारायची, "आज काय हाय?"

"आज रामफळाकडं झुकलंय."

"काल सीताफळ हुतं."

"काल मी उगवतीकडून बघितलं."

बानू चहा ठेवायला आत जायची. चाळीस वर्षं तिनं या माणसाला बिनओळखीच्या फळांपुढं उभं राहिलेलं पाहिलं होतं. पण एकाच फळाची रोज नवी जात सांगताना ती त्याला पहिल्यांदाच बघत होती.

पाथर्डीहून शेवगावकडं जाताना एका फाट्यावर बाबाजानचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरमधली जळालेली मोटार आली की तिची जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची. हे काम ते वयाच्या विसाव्या वर्षापासून करत आले, आता सहासष्ट पुरी झाली. दुकानामागं वीस गुंठे मुरमाड जागा आहे. तिथं बेचाळीस झाडं आहेत आणि त्यातलं एकही त्यांनी नर्सरीतून आणलेलं नाही.

सगळं सुरू झालं ते एका पपनसापासून. एक ट्रकवाला मोटारीची वाट बघत बसला होता आणि जाताना बाकावर लहान मुलाच्या डोक्याएवढं एक फळ विसरून गेला. बाबाजाननं तसलं फळ पाहिलं नव्हतं. त्यांनी ते पाथर्डीच्या बाजारात नेलं, तिथं कुणी म्हणालं भोपळा, कुणी म्हणालं मोसंबीला रोग झालाय. मग ते नगरला घेऊन गेले. फळ सुकत चाललं तरी पिशवीत घालून महिनाभर दाखवत हिंडले, तेव्हा कुठं एका म्हाताऱ्या बागवानानं नाव सांगितलं. तोवर आतल्या बिया तेवढ्या कामाच्या उरल्या होत्या. त्यांनी त्या लावल्या. त्या महिन्यानं त्यांना एक सवय लागली: खात्री झाल्याशिवाय कुठल्याही फळाला नाव द्यायचं नाही. माहीत नसलं तर सरळ "ठाऊक न्हाई" म्हणायचं. मोटारीच्या बाबतीतही ते असेच होते. जळाली का, हे कळल्याशिवाय ते तिला हात लावत नसत, आणि त्यामुळं घाईची गिऱ्हाइकं वैतागत.

पपनस आलं ही बातमी फाट्यावर पसरली आणि बिया आपोआप येऊ लागल्या. आणायचे ते ऊसतोडीचे लोक. आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसं दिवाळी झाली की कोयते घेऊन कोल्हापूर, सांगली, पार बेळगावकडं जातात. नवराबायकोची जोडी एकत्र तोडते, त्या जोडीलाच तिकडं एक कोयता म्हणतात. गुढीपाडव्याच्या आसपास ट्रक परत येतात आणि याच फाट्यावर थांबतात. बायका पोरंबाळं, भांडीकुंडी उतरवत असतात तोवर पुरुष दुकानात येऊन बाकावर बसतात, आणि त्यातला एखादा खिशातून चारदोन बिया काढून टेबलावर टाकतो. "बाबाजान, वळखा." ओळख पटली तर पटली. नाही पटली तर बी डब्यात जायची, मग मातीत, आणि चार-सहा वर्षांनी झाड स्वतःच आपलं नाव सांगायचं.

पेरताना फळाचं नाव माहीत नसतं, म्हणून बाबाजान देणाऱ्याचं नाव लिहायचे. लिहायचे म्हणजे ठोकायचे. जळून भंगारात निघालेल्या मोटारीची नेमप्लेट उपटायची, तिच्या कोऱ्या पाठीवर पंचनं एकेका ठिपक्यानं नाव उठवायचं आणि तांब्याच्या तारेनं रोपाला बांधायचं. ऊन, पाऊस, वाळवी, कशाचाही त्या पत्र्यांवर परिणाम होत नसे. झाडं मेली, पण पत्रे टिकले. कोकणातलं रातांब्याचं झाड तीनदा मेलं तरी त्याचा पत्रा खिळ्याला अजून लटकतो आहे. फळाच्या नावाबद्दल बाबाजान कितीही साशंक असले तरी पत्र्यावरच्या नावाबद्दल त्यांना शंका नसायची. ते नाव देणाऱ्याच्या तोंडावर बघून ठोकलेलं असायचं.

या वाकड्या फळाच्या झाडावर "सहादेव" असा पत्रा होता.

सहादेव जवळच्याच वस्तीवरचा, बाबाजानपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलका माणूस. सतरा सालच्या पाडव्याला तो दुकानात आला आणि त्यानं टेबलावर पाच काळ्या बिया ठेवल्या. बेळगावकडं एका मळ्यात तोड चालू होती, मळेवाल्यानं त्याला आणि त्याच्या बायकोला, भागूबाईला, आपल्या परसातलं एक फळ दिलं होतं. ओल्या मातीच्या गोळ्यावर अंगठे दाबत गेल्यावर जशी खूण उठते तशी त्याची साल, आत पांढरं लोणी, आणि बिया सीताफळाच्या निम्म्याही नाहीत. दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. सहादेव ती चव सांगायला लागला की दुकानातलं काम थांबायचं. कधी तो म्हणायचा पेढ्यात लिंबू पिळल्यासारखं, कधी म्हणायचा खरवसासारखं. बाबाजानना वाटलं, हनुमानफळ असावं. पण त्यांनी तसं सांगितलं नाही. खात्री नव्हती.

त्यानंतर तीन वर्षांनी सहादेव काविळीनं गेला. भागूबाई पोरगा-सुनेबरोबर तोडीला जात राहिली, कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करायला आणि नातवंडं सांभाळायला. पण जाताना एकदा आणि येताना एकदा ती दुकानाच्या मागं जाऊन ते झाड बघायची आणि विचारायची, "आलं का?" नाही म्हटल्यावर ती झाडाच्या बुडातलं गवत उपटून निघून जायची.

यंदा आषाढात झाडाला फुलं आली. बाबाजाननं वार्निशचा नवा बारीक ब्रश घेतला, संध्याकाळी डोंगरी सीताफळाच्या फुलांतले परागकण एका डबीत झटकले आणि सकाळी या फुलांना लावले, कारण या जातीच्या फुलांना वाऱ्याचा भरवसा नसतो. तीन फळं धरली. एक गळालं, एक खारीनं पाडलं. एक राहिलं. ते सुपारीएवढं झालं तेव्हा त्यांनी भागूबाईला निरोप धाडला आणि ती आल्यावर शब्द देऊन टाकला. "वहिनी, औंदा तोडीला जायच्या आत ह्ये तुमाला खायला घालतो."

ती बराच वेळ त्या सुपारीकडं बघत राहिली. मग तिनं सांगितलं की ह्या खेपेला जाणं म्हणजे परत न येणं. पोराला तिकडंच एका बागायतदाराकडं कायमचं काम मिळालं होतं, राहायला खोलीही होती. तोड संपली तरी ती माणसं तिथंच थांबणार होती. "म्हंजी यकदाच खायाचं," ती म्हणाली. "बरं झालं, यंदाच आलं."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ पुढं झाला.

श्रावणात झाडाच्या बुडाशी आळं करताना बाबाजानचा हात खोडावरच्या एका गाठीला लागला. गुडघ्याएवढ्या उंचीवर खोड फुगलेलं होतं, गाठीखालची साल वेगळी, वरची वेगळी. हात तिथंच थांबला. हे कलम होतं. आणि हे कलम आपणच केलं होतं हे त्यांना त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

अठरा-एकोणीसचा दुष्काळ. टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं. सहादेवचं रोप दोन वर्षांचं, अंगानं काडी. ते जाणार हे दिसत होतं. तेव्हा बाबाजाननं डोंगरी सीताफळाचं एक दणकट रोप त्याच्या शेजारी आणून ठेवलं आणि दोघांचं भेट कलम बांधलं. भेट कलमात दोन्ही रोपं आपापल्या मुळांवर उभी असतात. दोघांच्या खोडाची अंगठ्याएवढी साल तासायची, जखमेला जखम लावायची आणि घट्ट बांधायचं. बाबाजाननं मोटारीच्या वेटोळ्यांना गुंडाळतात ती सुती पट्टी वापरली. दोन-तीन महिन्यांत जोड धरला की जे डोकं नको ते जोडाच्या वर कापायचं आणि जे मूळ नको ते जोडाच्या खाली कापायचं. सहादेवचं डोकं ठेवायचं, सीताफळाचं मूळ ठेवायचं, असा बेत होता.

कापायच्या वेळेला मात्र बाबाजान नगरला दवाखान्यात होते, हर्नियाच्या ऑपरेशनला. कापलं बानूनं.

त्यांनी आत येऊन तिला विचारलं. बानूनं भाकरी थापता थापता, जराही न थांबता सांगितलं, "डब्यातल्याचं डोकं कापलं, पिशवीतल्याचं पाय कापलं. तुमीच सांगितलं तसं."

"मी म्हनलो हुतो, डब्यातल्याचं पाय."

"डोकं म्हनला हुता. शुद्धीवर येता येता दोनदा म्हनला. नर्सपन हसली."

"बरं. डब्यात कोन हुतं?"

बानूचा हात थांबला. "ते मला काय ठाऊक? तुमीच लावली हुती."

आता बाबाजानना ते आठवेना. एक रोप तेलाच्या डब्यात होतं, एक प्लास्टिकच्या पिशवीत, एवढं पक्कं. पण दुष्काळात त्यांनी सावलीसाठी सगळी रोपं तीनदा हलवली होती, फुटक्या पिशव्यांतली डब्यांत घातली होती, गंजलेल्या डब्यांतली पिशव्यांत. पत्रा कुठल्या रोपाला होता? पत्रा जोडालाच बांधलेला होता, दोघांच्या मधोमध. म्हणजे जे डोकं आज फळ धरून उभं होतं ते सहादेवनं आणलेल्या बीचं असेल, नाहीतर समोरच्या डोंगरावर शेळ्यासुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत त्या सीताफळाचं. भागूबाई पाच वर्षं बहुतेक एका रानसीताफळाच्या बुडातलं गवत उपटत होती. बहुतेक. तेही नक्की नव्हतं.

त्यांनी इन्शाला फोन केला. इन्शा त्यांच्या लेकीची लेक, राहुरीला शेतीचं शिकत होती. तिनं सांगितलं, नाना, पानाच्या पाठीवरून हात फिरवा, मखमल लागली तर हनुमानफळ, गुळगुळीत असेल तर सीताफळ. बाबाजान हात फिरवून आले. कोवळ्या पानांना मखमल होती, जून पानांना नव्हती. इन्शा म्हणाली, मग दोघांचा संकर असू शकतो, बेळगावकडच्या त्या मूळ झाडातच तो असेल. आणि दुसरं असं की बियांपासून आलेलं झाड आईसारखं फळ देईलच असं नसतं. म्हणजे सहादेवचंच झाड असलं तरी सहादेवनं खाल्लेलं फळ त्याला येईलच असं नाही.

"म्हंजी त्ये असलं तरी त्ये नसंल," बाबाजान म्हणाले.

"हो. आणि नसलं तरी थोडं तसं लागू शकेल."

त्यांनी फोन जरा लांब धरला. मग विचारलं की वाकडं का झालं. ते सोपं होतं: ब्रश फुलाच्या एकाच अंगाला नीट लागला, त्या अंगाला बिया धरल्या आणि गर भरला, दुसरं अंग रिकामं राहिलं. रिकाम्या अंगाची साल कुठल्याही जातीत सपाटच राहते. म्हणजे जी सपाट साल बघून, हे डोंगरी सीताफळ नव्हे म्हणून, ते एक दिवसाआड खूश होत होते, ती त्यांच्याच ब्रशाची चूक होती.

दिवाळीच्या सुट्टीत इन्शा घरी आली तेव्हा तिनं मोबाईलवर झाडं ओळखायचं ॲप लावून फळाचे फोटो काढले. भरल्या अंगाचा फोटो बघून ॲप म्हणालं सीताफळ. बसल्या अंगाचा बघून म्हणालं हनुमानफळ. वरून काढलेल्या फोटोला त्यानं फणस ठरवलं.

बानूनं तिच्या खांद्यावरून बघितलं. "ह्येला तर तुज्या नानापेक्षा जास्त खात्री हाय," ती म्हणाली.

ट्रकची तारीख कळली. भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी दुपारी. आता नवा पेच: फळ तोडायचं कधी? सीताफळाचे डोळे उकलले, मधली भेग पिवळसर पांढरी झाली की तोडायचं हे पोरंही जाणतात. या फळाच्या अर्ध्या अंगाला डोळेच नव्हते. हनुमानफळ असलं तर ते अजून दीड महिना झाडावर हवं, आत्ता तोडलं तर रबरासारखं राहील. सीताफळ असलं तर दोन दिवस उशीर झाला की झाडावरच फुटून मुंग्यांचं होईल. नाव कळल्याशिवाय तोडता येत नव्हतं आणि तोडून खाल्ल्याशिवाय नाव कळणार नव्हतं. बाबाजान इतके गोंधळले की त्या आठवड्यात त्यांनी एका तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीत पाचची तार भरली आणि पुन्हा सगळी उपसून काढली.

शेवटी दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी भरल्या अंगावर अंगठा दाबला आणि अंगठ्याला काहीतरी हललं असं वाटलं. खरंच हललं, का हलावं असं वाटत होतं म्हणून हललं, हे सांगता आलं नसतं. फळ तोडलं आणि गव्हाच्या कोठीत पुरलं. दिवसातून चार वेळा ते कोठीत हात घालून चाचपायचे. बानू म्हणाली, कोठीतला गहू दळून संपला तरी तुमचं चाचपणं संपायचं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घोळत होती, ती त्यांनी बानूला सांगितली नाही, पण तिला कळली. भागूबाईला हे सगळं सांगायचं का? न सांगता फळ हातात दिलं तर ती खाईल, समाधानानं ट्रकमध्ये बसेल, आणि कुणाचं काही बिघडणार नाही. पण मग ते खात्री नसताना नाव दिल्यासारखं होईल. पत्र्यावरचं नावही खोटं पडेल. सांगितलं, तर पाच वर्षांची वाट बघणं तिच्या पदरात घोळ म्हणून पडेल. बानू एवढंच म्हणाली, "तिचं हाय. तिला काय त्ये ठरवू द्या."

ट्रकच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला भागूबाई आली. नवं लुगडं, हातात पिशवी, डोळ्यांत जायच्या दिवसाची घाई. बानूनं ओट्यावर सतरंजी टाकली. बाबाजाननं कोठीतून फळ काढून ताटलीत ठेवलं. ते मऊ झालं होतं. त्यांना धीर आला आणि लगेच गेला.

त्यांनी सगळं सांगितलं. दुष्काळ, डबा, पिशवी, डोकं, पाय, ब्रश, इन्शाचं म्हणणं. एकदा सांगताना डब्याच्या जागी पिशवी झाली तेव्हा बानूनं दुरुस्त केलं, मग दोघांचा पुन्हा वाद झाला. भागूबाई कधी यांच्याकडं, कधी तिच्याकडं बघत ऐकत राहिली.

"म्हंजी ह्ये त्येच हाय का न्हाई?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाई, वहिनी."

तिनं फळ उचललं. सीताफळ फोडतात तसे दोन्ही अंगठे लावून दाबलं. भरलं अंग जरा दबलं, पण उकललं नाही. तिचा चेहरा पालटला. "त्येबी फुटलं नव्हतं," ती म्हणाली. "हातानं फुटंना म्हनून ह्यांनी कोयत्यानं कापलं हुतं."

बाबाजान म्हणणार होते की कमी बिया धरलेलं फळ कुठल्याही जातीचं असलं तरी हातानं नीट उकलत नाही, म्हणून हा पुरावा धरता येत नाही. त्यांनी तोंड उघडलंही. बानूनं विळी पुढं सरकवली ती त्यांच्या आणि भागूबाईच्या बरोबर मधून, आणि त्यांनी तोंड मिटलं.

भागूबाईनं फळ उभं चिरलं. आत पांढरा गर होता. बिया भरल्या अंगाला दाटीनं, बसल्या अंगाला एकही नाही. तिनं अर्धं फळ घेतलं, बोटानं गराची एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. रस्त्यानं एक एस.टी. गेली. तिनं दुसरी फोड खाल्ली, तिसरी खाल्ली, बिया तळहातावर काढल्या.

"गोड हाय," ती म्हणाली.

"तसंच?" बाबाजाननं विचारलं.

तिनं आणखी एक फोड तोंडात घोळवली. मग म्हणाली, "ध्यानात येईना. इतकी वर्सं जिभंवर थोडं थोडं हुतं. ह्ये खाल्लं आन त्येबी गेलं."

ती रडली नाही. तिनं हे अशा आवाजात सांगितलं की जणू वाटेत पिशवीतून काहीतरी पडलं आणि ते नेमकं काय होतं हेही आठवत नाही. बाबाजान मात्र खाली बघत बसले. कुणाची मोटार दुरुस्त करायला घ्यावी आणि चालू होती तीही बंद करून परत द्यावी, तसं त्यांना झालं. पाच वर्षं वाट बघायला लावून त्यांनी तिच्याकडं होती ती चवही घालवली होती.

"चुकलं माझं, वहिनी," ते म्हणाले. "सहादेवनं इतक्या भरवशानं बिया माझ्या हातात दिल्या."

भागूबाईनं मान वर केली. "कुनी दिल्या?"

"सहादेवनं. पाच बिया. त्या टेबलावर. पत्रा हाय की झाडाला."

आणि भागूबाई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. ती म्हणाली, "अवो, त्यो तर बिया थुकून टाकत हुता. उसाच्या पाचटात. मी येचल्या. त्यो म्हनला, कशाला गं, आपल्या वस्तीवर पानी न्हाई प्यायला. मी पदराला गाठ मारली. तीन म्हयनं त्या गाठीत हुत्या, लुगडं धुताना सोडायच्या आन परत बांधायच्या. फाट्यावर उतरल्यावर म्हनला, आन हिकडं, बाबाजानला दावतो. मी भांडी उतरवत हुते."

बाबाजाननं बानूकडं बघितलं. बानूला याचं काहीच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला ठाऊक हुतं?"

"मला कोन इचारतंय," बानू म्हणाली. "तुमी इचारायचा, कुनी दिलं. देनारा गडी समोरच बसलेला असायचा."

त्यांनी एकेका झाडाचं विचारलं आणि भागूबाई सांगत गेली, कारण सगळ्याजणी एकाच ट्रकनं येणाऱ्या होत्या. कल्याणच्या नावाचा पत्रा असलेली खिरणी? ती त्याच्या आईनं, रंगुबाईनं आणली, कागलजवळच्या एका दर्ग्यापासून. लक्ष्मणफळ? ते राजेश्वरीचं, ती बिया पोराच्या टोपीत घालून घेऊन आली होती. करमळ कुणाचं ते तिलाही सांगता आलं नाही, पण गड्याचं नव्हतं एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षांत बाबाजाननं फळांच्या नावाबद्दल हजारदा शंका घेतली होती. पत्र्यावरच्या नावांबद्दल एकदाही नाही. बेचाळीस पत्र्यांवर एकाही बाईचं नाव नव्हतं.

ते उठले. म्हणाले, आत्ताच्या आत्ता पत्रा बदलतो, ट्रकला अजून वेळ हाय.

"नगा काढू," भागूबाई म्हणाली. "त्याचं नाव आता दुसरीकडं कुटंच न्हाई. रेशन कार्डावरनंबी काढलं. हितं ऱ्हाऊ द्या." मग म्हणाली, "पन बी माजं हाय. त्येवडं ध्यानात ठिवा."

तिनं तळहातावरच्या बिया पदराच्या टोकात घेतल्या आणि गाठ मारली. तिकडच्या खोलीपुढं जागा आहे म्हणाली, तिथं लावते. त्या बिया सहादेवच्या झाडाच्या, का डोंगरी सीताफळाच्या, आणि वरून त्यांना पराग तर डोंगरी सीताफळाचाच लागलेला, म्हणजे उगवेल ते आणखी तिसरंच काही असेल, हे बाबाजानच्या मनात आलं. त्यांनी ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नव्हतं.

उरलेलं अर्धं फळ तिनं ताटलीसकट त्यांच्याकडं सरकवलं. "तुमी खा. आमी बी अर्धं अर्धंच खाल्लं हुतं."

बाबाजाननं खाल्लं. गोड होतं, शेवटाला किंचित आंबट. हे आंबट सहादेव सांगायचा ते पेढ्यातलं लिंबू होतं, का फळ तीन-चार दिवस आधी तोडल्यामुळं राहिलेला कच्चेपणा होता? त्यांनी दुसरी फोड घेतली. मग तिसरी. ताटली रिकामी झाली तरी ठरलं नाही.

दुपारी ट्रक आला. भागूबाई मागच्या फळीला टेकून उभी राहिली, एका हातानं नातीला आणि एका हातानं पदराचं टोक सांभाळत. ट्रक पाथर्डीच्या दिशेला वळेपर्यंत बानू रस्त्यावर उभी होती.

ती परत आली तेव्हा बाबाजान भंगारातून मोटारीची एक नेमप्लेट उपटून बसले होते. त्यांनी "भागूबाई" असं उठवलं, ठिपका ठिपका, आणि पत्रा सहादेवच्या खाली त्याच तारेला अडकवला. मग त्यांनी आणखी पत्रे उपटले आणि ओळीनं मांडले. काहींवर कुणाचं नाव घालायचं ते कळलं होतं, बहुतेकांवर कळलं नव्हतं. ते आता गुढीपाडव्याला, ट्रक परत आले की, भांडी उतरवणाऱ्यांना विचारावं लागणार होतं. तोवर ते कोरेच लटकणार होते.

बानू ओट्यावर टेकली. "आन त्या झाडाचं कलम कुनी कापलं?" तिनं विचारलं.

बाबाजाननं पंच खाली ठेवला. तिच्याकडं बघितलं. ओळीतला एक पत्रा उचलून पुढं ओढला. "तुझंबी नाव घालतो."

"घाला. पन कशाबद्दल? डोकं कापलं म्हनून, का पाय कापलं म्हनून?"

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे, बराच वेळ केला.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले, आणि तिच्या नावाचा पहिला ठिपका ठोकला.